दुसऱ्याचं पत्र हातात असताना



आताच बक्षिसं घेऊन गेलेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. मी उभं आयुष्य टपाल खात्यात काढलं. देवगड तालुक्यातल्या एका लहान पोस्टात नोकरीला लागले आणि पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. तेव्हा मला ज्यातलं कळतं, त्यावरच बोलते. दुसऱ्याची खासगी गोष्ट आपल्या हाती आली, की कसं वागायचं?

आमच्या भागात तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत होता. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची. त्या फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. तेवढ्यात तब्येत, कर्ज, मुलीचं लग्न, सगळं मावायचं. पोस्टमनकाका पडवीत बसून आधी नोटा मोजून देत, साक्षीदारासमोर अंगठा घेत आणि मग म्हातारीला मजकूर वाचून दाखवत. एक आजी त्यांना दर वेळी बजावायची, "वाच रे झिला, पण हळू. शेजारीण आयकता." काका आवाज आणखी खाली आणत.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. कुणाच्या घरी पैसे येणं थांबलं, हे गावात सगळ्यांत आधी पोस्टाला कळलं. उधारी द्यावी की नाही या विचारात पडलेला दुकानदार काकांना विचारायचा, अमक्यांची मनीऑर्डर आली का? काकांचं उत्तर ठरलेलं असे, "तेंचा तेंकाच इचार." एका वाक्यात त्यांनी कितीतरी घरांची अब्रू राखली. त्यासाठी त्यांना कुणी पुरस्कार दिला नाही. आज या व्यासपीठावरून मी त्यांना नमस्कार करते.

यामागे कायदाही होता. १८९८ च्या टपाल कायद्यात, कर्मचाऱ्याने पत्र बेकायदा फोडलं किंवा मुद्दाम अडवून ठेवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ साली नवा टपाल कायदा आला आणि त्यात हे शिक्षेचं कलम राहिलं नाही. मला ते पटलेलं नाही. लोकांची पत्रं हाताळणाऱ्याला शिक्षेची जाणीव असलीच पाहिजे, असं माझं अनुभवाचं मत आहे.

पत्रासारखंच दुसऱ्याच्या घराचंही. कोकणातली कितीतरी घरं वर्षभर बंद असतात आणि गणपतीला उघडतात. किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्या येऊन दारं-खिडक्या उघडतात, झाडलोट करतात, पावसात कौल सरकलं तर मुंबईला कळवतात. कपाटाला मात्र हात लावत नाहीत. किल्ली कशासाठी दिली आहे, हे त्यांना कुणी लिहून दिलेलं नसतं.

आता तुमच्याकडे येते. "माझ्यावर प्रेम आहे ना? मग पासवर्ड दे." हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल, काहींनी म्हटलंही असेल. मुलांनो, विश्वास मागून वसूल करायचा नसतो. पासवर्ड मागणाऱ्याला तुमच्यावर नजर ठेवायची असते. आणि तुमच्या फोनवर मैत्रिणीने, आईने, भावाने लिहिलेलंही असतं. ते दाखवायची परवानगी त्यांनी तुम्हाला कधी दिली?

उघडा फोन मिनिटभर दुसऱ्याच्या हातात गेला, तरी तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या संगणकाशी जोडता येऊ शकतं. मग फोन तुमच्या खिशात आणि संदेश त्याच्या पडद्यावर. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन कितीही पक्कं असलं, तरी आपण स्वतः दार उघडून दिल्यावर त्याचा उपयोग नाही.

पण मला अधिक काळजी वाटते ती स्क्रीनशॉटची. रात्री रडवेली होऊन एखादी मुलगी मित्राला चार ओळी लिहिते, आणि सकाळपर्यंत त्या साऱ्या वर्गाच्या ग्रुपवर असतात. ज्याने पाठवलं त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याने चोरी केलेली नसते. त्याला तर तिने विश्वासाने लिहिलं होतं. माझ्या मते म्हणूनच ते अधिक वाईट.

पालकांनाही सांगते. लहान मुलांच्या फोनवर लक्ष ठेवणं तुमचं कामच आहे, ते त्यांना सांगून करा. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा फोन भावाने तपासायचा आणि भावाच्या फोनला कुणी हात लावायचा नाही, हा कुठला न्याय? तो बंद करा.

आपला खासगीपणाचा हक्क सहज मिळालेला नाही. उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा संशय होता. पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावत राहिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानला गेला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने. त्या खटल्यातले अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. ऐंशी पार केल्यावर त्यांनी ही लढाई सुरू केली. आपल्या लोकांना ती पुन्हा आपल्याच घरात लढावी लागू नये, असं मला फार वाटतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर दोन कामं करा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि ओळखीचं नसेल ते काढून टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा आणि तो कुणालाही सांगू नका. कुणी तुमचा फोटो किंवा संदेश दाखवून धमकावत असेल, तर एकटे राहू नका. घरात सांगा, इथल्या शिक्षकांना सांगा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैशांची फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करा. आणि दुसऱ्याने विश्वासाने पाठवलेला एखादा स्क्रीनशॉट तुमच्या फोनमध्ये असेल, तर तो आज रात्रीच पुसून टाका.