आईचे मन आणि बाळाचा श्वास
(पालक मेळाव्यातील भाषण)



मुलाची छाती घरघरू लागली की आपण धूळ, धूर, गारवा आणि आनुवंशिकता यांकडे बोट दाखवतो. ही कारणे खरीच आहेत. परंतु जन्मापूर्वीच्या नऊ महिन्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात बर्फाळ पावसाने हाहाकार उडवला. बर्फाच्या भाराने विजेचे मनोरे कोसळले. लाखो लोक ऐन थंडीत अंधारात राहिले; काहींकडे महिन्याहून अधिक काळ वीज नव्हती. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा अभ्यास सुझन किंग यांच्या पथकाने पुढे अनेक वर्षे केला. ज्या मातांनी संकटाचा अधिक धसका घेतला होता, त्यांच्या मुलींमध्ये अकरा-बारा वर्षांपर्यंत दम्याचे प्रमाण अधिक आढळले. मुलग्यांत तसे दिसले नाही. हा अभ्यास लहान होता; पण इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात हजारो कुटुंबांच्या पाहणीतही गरोदरपणातील चिंता आणि मुलांचा दमा यांचा संबंध दिसून आला.

असे का व्हावे? ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. वार त्याचा बराच भाग अडवते, पण सगळा नाही. बाळाची फुप्फुसे व प्रतिकारशक्ती घडत असताना त्याचा परिणाम होत असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

याचा अर्थ प्रत्येक चिंताग्रस्त आईच्या मुलाला दमा होतोच असा नाही. आणि आईला दोष देण्याचे तर काहीच कारण नाही. ते वादळ काही त्या स्त्रियांनी बोलावले नव्हते! आपल्या घरातील वादळे तरी सून कुठे बोलावते? पती आखातात, कर्जाचा हप्ता थकलेला, त्यात ‘मुलगाच हवा’ हा रोजचा घोष. हे ओझे तिच्या माथी कोण मारते? आपणच ना?

म्हणून घरातील कामे वाटून घ्या. विडी-सिगारेट घरात नको. तपासणीला तिला एकटी पाठवू नका. झोप उडाली, रडू आवरेना, तर ‘नखरे’ म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. आणि मुलीला दमा असल्यास लग्नाच्या काळजीने लपवू नका. त्यावर चांगले उपचार आहेत.

शिक्षणाची सुरुवात शाळेत होते असे आपण म्हणतो. मुलाच्या आरोग्याची सुरुवात मात्र आईशी आपण कसे बोलतो, तेथून होते.