जेफ कोरी : मोटारखान्यातील तालीममास्तर

श्रोतेहो, नाटक असो वा बोलपट, नायकाचे नाव आपल्या ओठी सहज राहते. परंतु त्याला अडविणारा अंमलदार, धीर देणारा डॉक्टर किंवा ज्याचा तो पाठलाग करतो तो खुनी, ही कामे कोणी केली असे विचारले, तर आपण निरुत्तर होतो. चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. अशाच एका चरित्रनटाची हकीकत आज सांगावयाची आहे.

जेफ कोरी यांचा जन्म १९१४ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात झाला. १९४० च्या सुमारास ते हॉलिवुडला आले. महायुद्धात त्यांनी आरमारात छायाचित्रकाराचे काम केले. परतल्यावर 'होम ऑफ द ब्रेव्ह' या १९४९ च्या बोलपटात त्यांनी रंगविलेला लष्करी डॉक्टर लोकांच्या मनात भरला. आता बरे दिवस आले, असे वाटू लागले होते.

तोच १९५१ साली अमेरिकी लोकप्रतिनिधिसभेच्या चौकशी समितीने त्यांना पाचारण केले. चित्रसृष्टीत कम्युनिस्ट कोण, याचा शोध चालला होता. कोरी यांनी तो पक्ष पूर्वीच सोडला होता. चार सोबत्यांची नावे सांगितली असती, तर त्यांचा धंदा अबाधित राहिला असता. त्यांनी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला आणि नावे सांगण्याचे नाकारले. परिणामी सुमारे बारा वर्षे पडद्याची दारे त्यांना बंद झाली.

घरी बायकामुले होती. कोरी यांनी मजुरी पत्करली, खड्डे खणले. माजी सैनिकांच्या सवलतीवर विद्यापीठात वाचादोषांवरील उपचारांचा अभ्यास केला. आणि घराच्या मोटारखान्यात छोटासा रंगमंच उभारून अभिनयाचे वर्ग सुरू केले. जॅक निकल्सन, लिओनार्ड निमॉय यांसारखे तरुण तेथे शिकले. दैवाची थट्टा अशी की, ज्या चित्रसंस्था कोरींना काम देत नसत, त्याच आपले नट त्यांच्याकडे शिकावयास धाडीत!

त्यांची एक तालीम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या प्रवेशातील वाक्ये तीच ठेवून ते प्रसंग निराळाच नेमून देत. समजा, "चहा घेणार ना?" एवढेच वाक्य आहे, पण ते बोलणारी गृहिणी आजच घर सोडून जाण्याचा निश्चय करून बसली आहे. शब्द चहाचे, मन निरोपाचे. माणूस जे बोलतो त्यापेक्षा जे बोलत नाही त्यात नाट्य असते, हा धडा याच वर्गातील रॉबर्ट टाउन यांनी मनावर घेतला. पुढे त्यांनी लिहिलेल्या 'चायनाटाउन' (१९७४) या चित्रपटाचा नायक होता त्यांचा सहाध्यायी निकल्सन!

१९६३ मध्ये कोरी पडद्यावर परतले. 'ट्रू ग्रिट'मधील खुनी आणि 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'मधील शेरीफ या त्यांच्या १९६९ च्या भूमिका. काम मिळू लागले तरी शिकविणे मात्र त्यांनी सोडले नाही. २००२ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

श्रोतेहो, न उच्चारलेल्या शब्दांचे मोल हा गृहस्थ शिष्यांना शिकवीत होता. ते त्याने स्वतः आधीच चुकते केले होते.