बारा वर्षांची मुदत आणि एका महिन्याचे पाणी

राष्ट्रीय विकासाच्या उद्दिष्टांत वर्ष आधी ठरते आणि त्या वर्षापर्यंत पोहोचवणारी कामे मागाहून शोधली जातात, हा नियोजनातील जुना दोष उज्जैनमध्ये फार जवळून पाहता येतो, कारण येथील मोठ्या कामांची मुदत गुरू ग्रहाच्या भ्रमणाने ठरते. गुरू सुमारे ११.८६ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि तो सिंह राशीत असताना येथे सिंहस्थ भरतो. नाशिकच्या साधूंना राणोजी शिंदे यांनी अठराव्या शतकात क्षिप्रातीरी निमंत्रण दिले तेव्हापासून हा मेळा सुरू झाला, असे मानले जाते. १९८०, १९९२, २००४, २०१६ आणि आता २०२८ : देवास गेटच्या बसस्थानकावर किती गर्दी उतरणार याची पूर्वसूचना इतक्या आधीपासून मिळते, की कोणत्याही पंचवार्षिक योजनेला एवढी उसंत कधीच लाभली नाही.

या उसंतीचे काय झाले, हे क्षिप्रेकडे पाहिल्यास कळते. इंदूरजवळच्या उज्जैनी गावापाशी उगम पावणारी ही नदी पावसावर आणि माळव्याच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर वाहत असे. कूपनलिकांनी भूजलाचा बेसुमार उपसा झाल्यावर उन्हाळी प्रवाह आटत गेला. त्यातच इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनच्या वरच्या अंगाला त्रिवेणीपाशी क्षिप्रेत मिळते. २०१६च्या सिंहस्थापूर्वी दोन उपाय योजले गेले. पहिला नर्मदा–क्षिप्रा जोडप्रकल्प, ज्यात नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडले जाते; तो फेब्रुवारी २०१४मध्ये सुरू झाला. दुसरा, कान्हचे पाणी जमिनीखालच्या नळातून घाटांना वळसा घालून खाली नेण्याचा. अभियांत्रिकी म्हणून दोन्ही कामे मोठी आहेत आणि भाविकांना त्यांचा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वळवलेले सांडपाणी शुद्ध होत नाही, ते केवळ स्नानाच्या जागेपासून दूर जाते. आणि उचललेले पाणी पंप चालू असेपर्यंतच नदीत असते. उद्दिष्ट एका महिन्याच्या स्नानाचे होते, नदीचे नव्हते, आणि जे उद्दिष्ट होते ते साध्यही झाले.

हाच प्रश्न देशाच्या पातळीवर पहिल्या योजनेपासून, म्हणजे १९५१पासून उभा आहे. दीर्घदृष्टी आराखडा, म्हणजे पंधरा-वीस वर्षांनंतरच्या स्थितीचे चित्र, आणि वार्षिक योजना, म्हणजे त्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, यांच्यातील दुवा वारंवार तुटला. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत तर पंचवार्षिक योजनाच थांबली होती. त्या काळात, १९६७मध्ये, योजना आयोगाचे उपाध्यक्षपद स्वीकारणारे धनंजयराव गाडगीळ यांनी केलेले काम मराठी वाचकाने विसरू नये. राज्यांना केंद्राची मदत मर्जीने न मिळता नियमाने मिळावी म्हणून त्यांनी जे सूत्र मांडले, त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला आणि प्रत्येकी १० टक्के दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू सिंचन-वीज प्रकल्प व राज्याच्या विशेष अडचणी यांना होता. चालू प्रकल्पांसाठी राखलेला तो दशांश विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण नव्या घोषणेपुढे सुरू असलेल्या कामाची बाजू मांडणारे कोणी क्वचितच असते. राज्यकर्ते बदलले तरी टिकणारा नियम आणि जिल्ह्यापर्यंत उतरणारे नियोजन या दोन गोष्टींसाठी गाडगीळ झटले.

योजना आयोगाच्या जागी २०१५मध्ये नीती आयोग आला आणि आता २०३०ची शाश्वत विकास उद्दिष्टे व २०४७चा विकसित भारत या दोन मुदती समोर आहेत. उज्जैनच्या गणिताने पाहिल्यास २०४७पूर्वी फक्त दोन सिंहस्थ येतात, २०२८ आणि २०४०. कान्हसाठी बंद नलिका आणि पावसाळ्यातील पाणी साठवून उन्हाळ्यात सोडण्याचा सेवरखेडी–सिलारखेडी प्रकल्प ही कामे पहिल्याच्या तयारीत हाती घेतली गेली आहेत. त्यांच्याबरोबर इंदूरच्या सांडपाण्याची शुद्धता, विहिरींची पाणीपातळी आणि त्रिवेणीवरील प्रवाह यांचे वार्षिक मोजमाप जिल्हा योजनेत बंधनकारक व्हायला हवे, आणि त्याचे पहिले आकडे २०२९च्या मे महिन्यात, घाटावर मेळा नसताना, महानगरपालिकेच्या फलकावर लोकांना वाचता यायला हवेत.