अंतर किती, आणि कुठपर्यंत



मी आयर्लंडात डंडॉकला राहतो. तिथून डब्लिनचा विमानतळ मोटारीने तासाभरावर, आणि पुढे मॉरिशस सुमारे १०,००० किलोमीटर. वाटेत विमान बदलावे लागते, तरी दुसऱ्या दिवशी माणूस इथे असतो. मुंबईहून तर जेमतेम ४,७०० किलोमीटर, सहा-साडेसहा तास. जेवण झाले, एक डुलकी काढली, की खाली ऊस दिसतो.

‘ॲटलस’ जहाज १० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघाले आणि २ नोव्हेंबरला पोर्ट लुईला लागले. ५३ दिवस! आपली कोकणची माणसे मुंबईहून चढली. त्यांची वाट जवळची, पण शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर.

त्याहून मोठे अंतर परतीचे. गिरमिट संपल्यावर परतीचे भाडे मिळे, पुढे तेही बंद झाले. डंडॉकमध्ये हे फार समजावावे लागत नाही. आयर्लंडात अमेरिकेला निघालेल्याच्या घरी आदल्या रात्री मयताला जमावे तशी माणसे जमत. त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. जाणारा जिवंत, धडधाकट. पण पुन्हा दिसायचा नाही, हे आईला ठाऊक असे.

आज तिकीट मिळते, पण उतरल्यावर जायचे कोणत्या गावी? मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या आहेत. गावांची नावे साहेबाच्या कानाला लागली तशी लिहिलेली, म्हणून ती मोठ्याने वाचा. घरातल्या जुन्या कागदांवर पणजोबांचा क्रमांक सापडतो का, ते आधी पाहा. तिकीट नंतर काढा.