डच खेड्यात भाड्याचं घर



आजचा विषय व्यवहाराचा आहे. नेदरलँड्समध्ये नोकरी लागली, ऑफर लेटर हातात आलं, व्हिसाचे कागद सुरू झाले, की घरातलं कुणीतरी विचारतंच, "अरे, पण राहणार कुठे?" मग आपण ॲम्स्टरडॅम, आइंडहोवन इथली भाडी बघतो आणि डोळे पांढरे होतात. त्यावर बरेच जण एक तोडगा काढतात: शहरात नको, जवळच्या एखाद्या खेड्यात राहू. भाडं कमी पडेल, हवा चांगली, सायकल आहेच.

विचार चुकीचा नाही. मी स्वतः दक्षिणेकडच्या ब्राबांत प्रांतात, बेल्जियमच्या सीमेजवळच्या भागात राहते. पण खेड्यात स्वस्त घरांची रांग लागलेली असते, हा समज आधी बाजूला ठेवा. तिथे भाड्याची घरं मुळातच कमी आहेत. म्हणून जाहिराती चाळत बसण्याआधी एक प्रश्न विचारायचा: या गावात भाड्याने देण्याजोगी घरं कोणाच्या हातात आहेत? आणि त्या माणसाला किंवा संस्थेला कायद्याने काय बंधन आहे? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं.

आधी भूगोल समजून घेऊ. डच नगरपालिकेला 'खेमेंते' म्हणतात. आपल्यासारखी खेड्याला ग्रामपंचायत आणि शहराला महापालिका, अशी विभागणी तिथे नाही. खेड्यांनाही खेमेंतेच असते आणि एका खेमेंतेत अनेक गावं येतात. पूर्वेकडच्या आख्टरहूक भागात ब्राँकहॉर्स्ट नावाची खेमेंते आहे. 2005 साली पाच जुन्या नगरपालिका एकत्र करून ती झाली. लोकसंख्या सुमारे 36 हजार, आणि त्यात चाळीसहून जास्त गावं आणि वाड्या. आमच्या बाजूला रोसेल-दे मीर्डन आहे, त्यात चार गावं. फेल्धोवनला एएसएमएल या चिपयंत्रांच्या कंपनीचं मुख्यालय आहे. तिथे काम करणारे आपले अनेक लोक रोसेल, ब्लाडेल, एरसेल, बेर्गेइक या गावांकडे बघतात. अंतर फार नाही, पण या चारही ठिकाणी रेल्वे स्टेशन नाही. काही खेड्यांत तर गावातलेच स्वयंसेवक चालवतात अशी आठ माणसांची छोटी बस असते, आणि ती संध्याकाळी लवकर बंद होते. त्यामुळे घर बघताना भाड्याबरोबर बसचं वेळापत्रकही बघा. भाड्यात वाचवलेले पैसे गाडीत जाऊ शकतात.

आता घरं कोणाच्या हातात, ते बघू. मोठा वाटा स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचा. देशभरात निम्म्याहून जास्त घरं मालकीची आहेत, खेड्यात हे प्रमाण आणखी जास्त. दुसरा वाटा 'वोनिंगकॉर्पोरात्सी' नावाच्या संस्थांचा. ही आपली को-ऑपरेटिव्ह सोसायटी नव्हे. या नफा न कमावणाऱ्या संस्था आहेत, 1901 च्या गृहनिर्माण कायद्यापासून त्यांची परंपरा चालत आली आहे, आणि आज त्यांच्याकडे वीस लाखांहून जास्त घरं आहेत. खेड्यातलं भाड्याचं घर बहुतेक वेळा यांचंच असतं. तिसरा वाटा खासगी घरमालकांचा, आणि खेड्यात तो अगदी थोडा.

कॉर्पोरात्सीच्या घरासाठी रांग असते. ठरावीक भागाच्या वेबसाइटवर नाव नोंदवायचं, थोडं शुल्क भरायचं, आणि तुम्ही किती वर्षं रांगेत आहात यावर नंबर लागतो. लिम्बुर्खची वेगळी वेबसाइट, आख्टरहूकची वेगळी. स्वस्त भाड्याच्या घरांना उत्पन्नाची मर्यादाही आहे. 2025 मध्ये एकट्या माणसासाठी ती वर्षाला 49,669 युरो होती. आता गंमत बघा. 'उच्चकुशल स्थलांतरित' म्हणून व्हिसा मिळण्यासाठी त्याच वर्षी तिशीपुढच्या माणसाला महिन्याला किमान 5,688 युरो पगार लागत होता. म्हणजे ज्या पगारावर देशात प्रवेश मिळतो, त्याच पगारामुळे स्वस्त घराचं दार बंद होतं. आपला इंजिनीअर नेमका या फटीत सापडतो: स्वस्त घरासाठी जास्त कमावणारा आणि खासगी घर मिळायला गावात नवखा.

तरीही पहिल्या आठवड्यातच रांगेत नाव टाका. काही कॉर्पोरात्सींकडे मध्यम भाड्याची घरंही असतात, आणि रांगेतली वर्षं नंतर विकत घेता येत नाहीत. विद्यार्थ्यांनी तर नक्कीच टाका. वाखेनिंगनला शेतीशास्त्र शिकायला आलेल्या मुलांना शिक्षण संपल्यावर त्याचा उपयोग होतो.

रांगेत आणखी एक गोष्ट दिसेल. काही घरांवर लिहिलेलं असतं की स्थानिकांना प्राधान्य. 1 जानेवारी 2024 पासून नगरपालिकांना वाटपाच्या नियमात अशी सवलत जास्तीत जास्त निम्म्या घरांपर्यंत देता येते. आपल्याला राग येतो. पण त्याच गावातली पंचविशीची मुलं आईवडिलांच्या माळ्यावर राहतात, कारण त्यांनाही घर नाही. देशात सुमारे चार लाख घरांचा तुटवडा आहे आणि त्याची झळ सगळ्यांना बसते. हे लक्षात ठेवून गावात बोललात, तर लोक जास्त मदत करतात, हा माझा अनुभव आहे.

मग नवख्या माणसाला घर मिळतं कुठे? बहुतेकदा पहिल्या वाट्यातून, म्हणजे मालकीच्या घरांतून. घराचा मालक दोन वर्षांसाठी परदेशी जातो आणि परत येईपर्यंत घर भाड्याने देतो. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. किंवा घर विक्रीला काढलेलं असतं, गिऱ्हाईक मिळत नाही, तोपर्यंत मालक नगरपालिकेचा परवाना काढून ते तात्पुरतं भाड्याने देतो. त्यासाठी रिकाम्या घरांचा वेगळा कायदा आहे, आणि परवान्याचा उल्लेख करारात असावाच लागतो. ही घरं मोठ्या वेबसाइटवर येण्याआधीच जातात. सुपरमार्केटच्या दाराशी सूचनाफलक असतो, घरोघर फुकट टाकलं जाणारं साप्ताहिक असतं, गावातला घरांचा एजंट असतो, गावाचं समाजमंदिर असतं. चार ओळींचं डच पत्र तयार ठेवा: आम्ही कोण, नोकरी कुठे, किती जण, कधीपासून, फोन नंबर. डच चुकलं तरी चालेल. इंग्रजीत उत्तम लिहिलेल्या पत्रापेक्षा अडखळत्या डच पत्राला जास्त उत्तरं येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पत्ता.

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल, तर पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. नोंदणी झाली की बीएसएन, म्हणजे नागरिक सेवा क्रमांक, मिळतो. बँक, आरोग्य विमा, मुलांची शाळा, डॉक्टर, सगळं त्या नंबरावर चालतं. कंपनीला तो दिला नाहीत, तर पगारावर 52 टक्के कर कापला जाऊ शकतो. म्हणून जाहिरातीत 'इथे नोंदणी करता येणार नाही' असं दिसलं, तर पुढे जा.

ओळखीतलं एक सोलापूरचं जोडपं. त्यांना सुट्टीच्या बंगल्यांच्या वसाहतीत एक छान घर मिळत होतं, झाडीत, भाडंही बरं. मालक म्हणाला, नोंदणी मात्र करू नका. तिथे कायम राहायची परवानगीच नव्हती. बाई सात महिन्यांची गरोदर होती. पत्ता नाही म्हणजे विम्याची आणि डॉक्टरची सगळी कामं अडकणार. त्यांनी ते घर सोडलं आणि पंचवीस किलोमीटर दूर एका आजीबाईंच्या घरात एक खोली घेतली. खोली लहान, स्वयंपाकघर सामाईक, पण आजीबाईंनी नोंदणीच्या कागदावर लगेच सही करून दिली. बाळाचा जन्म त्याच पत्त्यावर नोंदला गेला. चार महिन्यांनी विक्रीला काढलेलं एक घर त्यांना भाड्याने मिळालं. सांगायचं असं, की चांगलं घर आणि कायदेशीर पत्ता यांत निवड करायची वेळ आली, तर पत्ता निवडा.

जाहिरात वाचताना तीन शब्द ओळखा. 'काल' म्हणजे उघडं घर, आणि ते खरोखरच उघडं असतं. दिवे नाहीत, पडदे नाहीत, कधीकधी जमिनीवर फरशीसुद्धा नाही, खाली नुसतं काँक्रीट. आधीचा भाडेकरू लाकडी जमीन उचलून घेऊन गेलेला असतो! 'खेस्तोफेर्ड' म्हणजे जमीन आणि पडदे आहेत. 'खेम्यूबिलेर्ड' म्हणजे फर्निचरसकट. शिवाय 'काले ह्यूर' म्हणजे निव्वळ भाडं. वीज, गॅस, पाणी वेगळं.

पैशांच्या बाबतीत आपल्या सवयी आड येतात. बंगळुरूत राहिलेल्यांना दहा महिन्यांचं डिपॉझिट ठाऊक असतं, मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांचा करार आणि एक महिन्याची दलाली. त्यामुळे डच एजंटाने काही मागितलं की आपण मुकाट्याने देतो. देऊ नका, आधी विचारा. 1 जुलै 2023 पासून नव्या करारात डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या निव्वळ भाड्याइतकं. एजंट मालकासाठी काम करत असेल, तर त्याला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही. 1 जुलै 2024 पासून नवा करार सर्वसाधारणपणे बेमुदत असतो, अपवाद मोजके. घर सोडल्यावर नुकसान नसेल, तर डिपॉझिट 14 दिवसांत परत.

भाडं किती असावं, यालाही हिशेब आहे. घराला गुण मिळतात: क्षेत्रफळ, ऊर्जेचं लेबल, स्वयंपाकघर, अंगण आणि घराचं सरकारी मूल्य. 143 गुणांपर्यंतच्या स्वतंत्र घराचं भाडं 2025 मध्ये सुरू होताना 900.07 युरोंच्या वर जाऊ शकत नव्हतं, आणि 186 गुणांपर्यंतच्या घराचं 1,184.82 युरोंच्या वर. आकडे दर वर्षी बदलतात, तुमच्या वर्षाचे बघा. खेड्यात घराचं सरकारी मूल्य शहरापेक्षा कमी, त्यामुळे त्या खात्यात गुण कमी आणि कायदेशीर भाडंही कमी. शहराचा भाव सांगून कुणी खेड्यातलं घर देत असेल, तर गुणांचा तक्ता मागा. 2025 पासून तो कराराबरोबर देणं मालकाला बंधनकारक आहे. भाडं जास्त वाटलं, तर भाडे आयोगाकडे सहा महिन्यांच्या आत जा. भाडेकरूला 25 युरो भरावे लागतात, जिंकलात तर तेही परत मिळतात.

नाव ऐकून किंवा चेहरा बघून "घर गेलं" असं सांगितलं जात असेल, तर तेही गप्प राहून सोसायचं नाही. मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी आहे, आणि भाडेकरू कसा निवडला हे नाकारलेल्याला सांगावं लागतं. प्रत्येक नगरपालिकेत यासाठी फुकट तक्रार-कक्ष असणं बंधनकारक आहे. सगळ्यात छोट्या खेमेंतेतही तो आहे, आणि नाव न सांगताही तक्रार करता येते.

आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक पैही पाठवू नका. तुम्ही अजून भारतात असाल, तर तिथल्या ओळखीच्या माणसाला घर बघायला पाठवा. थोडक्या शुल्कात सरकारी जमीन नोंदणी कार्यालयातून मालकाचं नाव तपासता येतं. किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणणारा मालक नसतोच.

मंडळी, परदेशात आपण पाहुण्यासारखे वागतो. हक्काचं काही मागायला संकोचतो. भाडेकरू पाहुणा नसतो. तो भाडं भरतो, कर भरतो, त्याची मुलं गावातल्या शाळेत जातात. कायद्याने त्याला बरंच दिलं आहे, पण घरपोच दिलेलं नाही, मागावं लागतं. तेव्हा जाण्याआधी प्रश्नांची यादी करा, चार ओळींचं डच पत्र लिहा, आणि पहिल्या आठवड्यात नगरपालिकेच्या काउंटरवर जाऊन उभे राहा.

तुम्हाला चांगलं घर मिळो.