शिट्टी न होणारा कुकर

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. पण माझी लेक राहते शिकागोला, आणि तिची आई आता या जगात नाही. तेव्हा माहेरच उठून तिकडे गेलं. म्हणजे मी गेलो. कविता करणाऱ्या माणसाला स्वयंपाकातलं चहापलीकडे काय येणार? बाळ आठ दिवसांचं झालं आणि लेक म्हणाली, "अब्बा, अम्मी करायची तसं मऊ गोश्त खावंसं वाटतंय."

तिची अम्मी रात्री पातेल्याच्या झाकणाला कणीक लावायची आणि मंद आचेवर सोडून द्यायची. सकाळी गोश्त बोटांनी सुटायचं. कसं, ते तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

शेजारच्या आजीबाईंनी विजेवरचा स्लो कुकर दिला आणि पॉट रोस्टची कृती सांगितली. बीफचा अख्खा तुकडा झाकणबंद भांड्यात, थोड्या रश्शात तासन्‌तास शिजवायचा. (महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, ही गोष्ट तिकडची.) डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर हलाल मटणाची दुकानं आहेत. तिथून मी सगळ्यांत महाग, बिनचरबीचा तुकडा आणला. पाणी भरपूर ओतलं. दर अर्ध्या तासाला झाकण उघडून पाहिलं. आपला कुकर कसा शिट्ट्या देतो, हा बापडा मुका! चार तासांत धीर सुटला. गोश्त चामड्यासारखं. लेक निमूट चावत राहिली, मला मान वर करवेना.

आजीबाई हसल्या. म्हणाल्या, खांद्याचा तुकडा घ्या. जनावराचा खांदा सतत राबतो, म्हणून त्यात चिवट धागे जास्त. पण तेच धागे मंद आचेवर तासांमागून तास राहिले की विरघळतात आणि रस दाट होतो. घाई केली तर नुसते आवळून बसतात. आणि झाकण उचललं की साठलेली वाफ जाते; ती पुन्हा धरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

हे यंत्र शिकागोच्याच आयर्व्हिंग नॅक्सन यांनी केलं. पेटंट १९४० चं. त्यांच्या आईने त्यांना लिथुआनियातल्या लहानपणची गोष्ट सांगितली होती. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून ज्यू बायका शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायच्या. रात्रभर उरलेल्या आचेवर ते शिजायचं. वाचून मला कणकेचं झाकणच आठवलं.

दुसऱ्या खेपेला दीड किलो खांदा आणला. कोरडा पुसला, मीठ-मिरपूड चोळली, तव्यावर सगळ्या बाजूंनी तांबूस परतला. कुकरच्या तळाशी बटाटे, गाजरं, कांदे. भाज्यांना यात गोश्तापेक्षा उशीर लागतो. वर तुकडा, लसूण, एकच कप पाणी. आजीबाईंच्या कृतीत वाइन होती. मी टोमॅटो आणि चमचाभर सिरका घातला. सकाळी आठला 'लो'वर लावलं आणि बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. हात शिवशिवत होते, पण गेलो नाही. दुपारी वास घरभर फिरला.

पाचला झाकण काढलं. चमचा लावताच गोश्त सुटलं. लेक दोनदा वाढून घेत म्हणाली, "अम्मीच्या गोश्तात बडीशेप असायची."

ती कुठल्या मसाल्याबरोबर, किती, हे आता तीच मला सांगते आहे. पुढच्या रविवारी घालून पाहीन.