पोकळ ब्लॉकची पारख आपणच करायची

(भोर-वेल्हे भागातील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपण कापूस बाजारात नेला की घेणारा मुठीत दाबून ओलावा पाहतो. 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतो. 12 च्या वर गेला तर सीसीआय घेतच नाही. ज्वारीचा दाणा चावून पाहतात. आपल्या मालाची एवढी पारख होते. मग घर बांधताना ट्रॅक्टर भरून आलेले ब्लॉक आपण न पाहता का उतरवून घेतो?

भोर आणि वेल्हे (आता त्याला राजगड तालुका म्हणतात) इथे घाटाकडे जुनी घरे दगडमातीची नि कुडाची. आता पोकळ ब्लॉकची घरे उभी राहतात. कारण उघड आहे. 40 सेंटिमीटर लांब, 20 रुंद, 20 उंच असा एक ब्लॉक आठ विटांची जागा घेतो. सांधे कमी, म्हणून सिमेंट-वाळूही कमी. एक चौरस मीटर भिंतीला साडेबारा ब्लॉक पुरतात. पण घरकुलाचा हप्ता हातात पडला की आपल्याला घाई, आणि ब्लॉकवाल्याला त्याहून घाई. चार दिवसांचा ओला ब्लॉक गाडीत चढतो. भिंतीला तडा पडण्याची सुरुवात तिथून होते.

भारतीय मानक 2185 सांगते की ब्लॉक किमान 14 दिवस ओला ठेवावा आणि मग चार आठवडे वाळू द्यावा. सिमेंटचा ब्लॉक वाळताना आकसतो. ते आकसणे ब्लॉकवाल्याच्या आवारात झाले तर आपले काही बिघडत नाही. भिंतीत झाले तर भिंत फाटते. म्हणून बांधकाम संक्रांतीनंतर धरायचे असेल तर ब्लॉकची मागणी दिवाळीतच नोंदवा, आणि पाडल्याची तारीख ब्लॉकवर घालून मागा.

आता पारख. दोन ब्लॉक एकमेकांवर हलके आपटा. खणखणीत वाजला पाहिजे. कोपरा नखाने किंवा खिळ्याने खरवडा. भुगा पडला तर परत पाठवा. मग काटा काढा. चांगला वाळलेला ब्लॉक तोला, 24 तास पाण्यात बुडवून ठेवा, निथळून पुन्हा तोला. वजन दहा टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. 18 किलोचा ब्लॉक 20 किलो झाला तर तो पाणी पिणारा आहे, घेऊ नका. छताचा भार पेलणाऱ्या भिंतीसाठी ब्लॉकची ताकद चौरस सेंटिमीटरला सरासरी 35 किलो तरी हवी. ती यंत्रावरच कळते. एकट्याला तो खर्च जड जातो. गावातल्या पाच-सहा घरकुलवाल्यांनी मिळून एकाच ठिकाणचा माल घ्यावा आणि त्यातले ब्लॉक प्रयोगशाळेत दाबून घ्यावेत. पाच घरांचा एकत्र गिऱ्हाईक आला की ब्लॉकवालाही दाखला देतो.

आता गवंड्याकडे लक्ष द्या. विटा भिजवून लावायची त्याच्या हाताला सवय. ब्लॉक भिजवायचा नाही, कोरडाच लावायचा. कडक उन्हात वरची बाजू फार तर ओलसर करावी. माल एकास सहा पुरतो. जास्त सिमेंट घातले की भिंत मजबूत होते हा गैरसमज आहे. सांध्याचा माल ब्लॉकपेक्षा कडक झाला तर तडा सांध्यात न राहता ब्लॉकमधून जातो. जोत्याखाली पोकळ ब्लॉक नको. भरीव वापरा किंवा पोकळी काँक्रीटने भरा.

इथल्या पावसात पाणी सांध्यातून आत शिरते आणि पोकळीत उतरते. म्हणून पावसाच्या तोंडाची बाजू गिलावा करूनच ठेवा, वळचण पुढे काढा, शेवटचा थर बंद करा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने पुणे जिल्ह्यातही घरांचे पत्रे उडवले. पत्र्याचे बोल्ट नुसत्या पोकळ ब्लॉकमध्ये धरत नाहीत. भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट पट्ट्यात ते पक्के करा.

कापूस पिकवणाऱ्या काळ्या जमिनीच्या भावांची अडचण वेगळी. तिथे पाऊस कमी, पण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया भेगांच्या खाली, घट्ट मुरमापर्यंत न्या आणि जोत्यावर सळयांचा पट्टा घाला. त्यावाचून उत्तम ब्लॉकही फुकट.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली गेली. ब्लॉकची भिंत हलकी असली तरी सुटी असेल तर तीही पडते. जोते, लिंटल आणि छत या तीन पातळ्यांवर सलग पट्टा, आणि कोपऱ्यांच्या पोकळीत उभी सळई घालून काँक्रीट, एवढे हवेच. ही पोकळी आयती मिळते. ती रिकामी ठेवून सळईचे पैसे वाचवू नका.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांचे घरकुल मंजूर आहे त्यांनी गावात येणाऱ्या ब्लॉकचे भिजण्याआधीचे आणि भिजल्यानंतरचे वजन लिहून आणावे. कोणाचा माल घ्यायचा ते त्या आकड्यांवर मिळून ठरवू.